साहेब नसलेला ग्रुप

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद राहिल्या आणि 10 तारखेला सकाळी शाखांची शटरं वर गेली तेव्हा रांगेचं शेपूट नजरेच्या टप्प्यात नव्हतं. चलनात असलेल्या एकूण रकमेपैकी 86 टक्के रक्कम या दोन नोटांमध्ये अडकलेली. ती सगळी काउंटरवरून आत यायची होती आणि बदल्यात द्यायला पुरेशा नोटा नव्हत्या. दोन हजारांची नवी नोट आकाराने वेगळी, त्यामुळे देशभरातली दोन लाखांच्या आसपास एटीएम यंत्रं नव्याने जुळवून घ्यावी लागणार होती. माणशी बदलून द्यायची रक्कम आधी चार हजार होती, मग साडेचार हजार झाली, चारच दिवसांत दोन हजारांवर आली आणि 24 तारखेनंतर बदलून देणंच थांबलं. मध्येच बोटाला शाई लावायचं फर्मान निघालं. लग्नघरासाठी अडीच लाखांची सवलत आली आणि तिच्या मागोमाग, ती सवलत कोणाला मिळू नये हे सांगणाऱ्या अटी आल्या. सकाळचं परिपत्रक वाचून होईतो संध्याकाळचं येऊन पडायचं.

जुन्या नोटा भरायच्या त्या पन्नास दिवसांत बँकवाल्यांनी नोटा मोजल्या, शिव्या खाल्ल्या, रात्री उशिरापर्यंत कॅश टॅली केली, तूट आली तर कॅशियरने ती खिशातून भरली. आणि सगळ्यांनी मिळून विनोद केले. मी तेव्हा एका शाखेत होतो, त्यामुळे ते विनोद कसे जन्मतात हे जवळून पाहता आलं. रिझर्व्ह बँकेचं नाव देशभर 'रिव्हर्स बँक' झालं होतंच. दोन हजारांच्या नोटेचा रंग जातो अशी ओरड झाली तेव्हा अर्थखात्याच्या सचिवांनी जाहीर सांगितलं की रंग जाणं हीच तिच्या खरेपणाची खूण आहे. दुसऱ्या दिवसापासून आमचा कॅशियर प्रत्येक गिऱ्हाइकाला नोट देताना गंभीरपणे बजावायचा, "घरी जाऊन धुऊन बघा. रंग नाही गेला तर परत आणा." 19 डिसेंबरचं परिपत्रक तर विनोदी लेखकालाही सुचलं नसतं. पाच हजारांहून जास्त जुन्या नोटा भरणाऱ्याने त्या आधी का भरल्या नाहीत, याचं उत्तर दोन अधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यायचं होतं. एका आजोबांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्याच सरकारने घाई करू नका म्हटलं होतं, म्हणून केली नाही. लिहा." आम्ही दोघेही अधिकारी हसलो, आजोबा हसले, मागची रांग हसली. 21 तारखेला ते परिपत्रक मागे घेतलं गेलं.

हसल्याने ताण हलका होतो, असं आरोग्याच्या पुरवण्यांत वर्षानुवर्षं छापून येतं. शरीरात कोणती रसायनं सुटतात, रक्तदाबाचं काय होतं, याची वर्णनं असतात. ती खरी असतील. पण त्यातून एक साधी गोष्ट सुटते. त्या दिवसांत आम्ही कितीही हसलो तरी रांग एका माणसानेही कमी झाली नाही, कॅश व्हॅनही वेळेवर आली नाही. मग बदललं काय? माझ्या मते बदललं ते एवढंच: विनोदाआधी काउंटरवरच्या प्रत्येकाला वाटत होतं की आपला हात मंद आहे, आपल्यालाच हे झेपत नाही, शेजारचा बरोबर निभावतोय. विनोद झाला, सगळे एकदम हसले आणि कळलं की शेजाऱ्यालाही झेपत नाहीये. खोट हातात नव्हती, परिपत्रकात होती. कामाच्या ठिकाणचा ताण माणसाला आधी एकटं पाडतो आणि मग त्या एकटेपणाला त्याचीच नालायकी म्हणून त्याच्या पदरात घालतो. विनोद हा डाव उलटवतो. ताण तेवढाच राहतो, पण तो एकट्याचा राहत नाही. विनोदाची खरी कमाई मला यातच दिसते. आणि तिला धोकाही इथूनच आहे, कारण ताण सगळ्यांचा आहे हे कळल्यावर माणसं पुढे काय करतील हे कोणाच्या हातात राहत नाही.

डोनाल्ड रॉय नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1959 मध्ये एक निबंध लिहिला. कामगारांच्या आयुष्याबद्दल मी जे थोडंफार वाचलं आहे, त्यात त्याच्याइतकं लक्षात राहिलेलं काही नाही. रॉय स्वतः एका कारखान्यात मजूर म्हणून लागला होता. काम ठोकळ्याने तुकडे कापायचं: ठोकळा ठेवा, यंत्र दाबा, तुकडा काढा, परत ठोकळा ठेवा. बारा-बारा तासांचा दिवस, खोलीत उतारवयाकडे झुकलेले तिघेजण आणि चौथा हा. पहिले काही दिवस रॉयला वेड लागायची पाळी आली. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ही मंडळी दिवसाचे तुकडे पाडून जगतात. एकजण रोज डब्यात केळं आणायचा. दुसरा रोज ते चोरायचा, "केळ्याची वेळ झाली" म्हणून आरोळी ठोकायचा आणि खाऊन टाकायचा. पहिला रोज चिडायचा, तक्रार करायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं घेऊन यायचा. स्वतःचं केळं त्याला कधीच खायला मिळालं नाही, पण आणणं त्याने थांबवलं नाही. अशीच खिडकी उघडण्या-मिटण्याच्या भांडणाची एक वेळ, मासे खाण्याची एक, थंड पेयाची एक. बाहेरच्या माणसाला पोरकट वाटेल अशा या खेळांवर ते बारा तास तरंगत होते.

पण रॉयचा निबंध केवळ हे गोड चित्र काढून थांबत नाही, म्हणून तो मोठा. त्या तिघांतल्या एकाच्या मुलीचं लग्न एका प्राध्यापकाच्या मुलाशी झालं होतं. त्या प्राध्यापक व्याह्याचा उल्लेख खोलीत नेहमी अदबीनेच व्हायचा. एक दिवस रॉयच्याच सांगण्यावरून दुसऱ्याने मस्करी केली की तो प्राध्यापक तर न्हाव्यांच्या शाळेत शिकवतो. मुलीचा बाप गप्प झाला. त्या दिवसापासून खोलीतले सगळे खेळ बंद पडले, केळ्याचाही. माणसं यंत्राशी एकेकटी उरली आणि रॉयला पहिल्या दिवसांसारखाच थकवा यायला लागला. काम तेच, पगार तोच, तास तेच. गेली होती ती फक्त थट्टा. म्हणजे थट्टा फुकटची नसते. तिला हद्दी असतात, त्या कुठे लिहिलेल्या नसतात, आणि एक हद्द मोडली की सगळा डोलारा खाली येतो. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांच्यातली थट्टा ज्या घरात चालते त्या घराला हे वेगळं सांगावं लागत नाही. कोणी, कोणाची, कुठवर फिरकी घ्यायची हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कचेरीत मात्र ते रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि तेही अशा माणसांमध्ये, ज्यांनी एकमेकांना निवडलेलं नाही.

घर ही कामाची जागा आहे हे आपण बायकांच्या बाबतीत फार उशिरा मान्य केलं, तेही अर्धवट. पण घरकामाच्या ताणावरचा विनोद मराठीत केव्हापासून आहे. आश्विनातला भोंडला घ्या. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरलेल्या मुली आणि नव्या सुना जी गाणी म्हणतात, त्यांतल्या एका प्रसिद्ध गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते सासऱ्याला विचार, सासरा आणखी कोणाकडे बोट दाखवतो, दीर, जाऊ, नणंद असा अर्ज घरभर फिरतो आणि शेवटी नवऱ्याच्या टेबलावर येतो, तर तो काठी उगारतो. रजेचा अर्ज ज्याने कधी कोणत्याही खात्यात दिला आहे त्याला या गाण्यातली प्रत्येक सही ओळखू येईल. दुसऱ्या एका गाण्यात माहेरी जाण्याआधी कारल्याचं बी पेरण्यापासून भाजी होईपर्यंतची एकेक अट वाढत जाते. ही गाणी बंद दाराआड म्हणत नसत. अंगणात, सगळ्या आळीच्या कानावर जातील अशी म्हणत, आणि सासवा खिरापतीच्या वाट्या हातात घेऊन ऐकत उभ्या असत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत दुःख आहे, भक्ती आहे, भावाची वाट पाहणं आहे आणि सासरच्या माणसांना मारलेल्या कोपरखळ्याही आहेत. दळण एकीने दळलं तरी ओवी दोघींची असते: एक म्हणते, दुसरी उचलते. दुसरी उचलते याला महत्त्व आहे. ओवी उचलणारी नसेल तर ते नुसतं रडगाणं.

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. भोंडला संपला की सून पुन्हा चुलीपाशी. गाणं म्हणून घेतलं, चार जणींत हसून घेतलं, सासुरवास होता तसाच. उलट वर्षातून दहा-पंधरा दिवस असं बोलून घेता आलं म्हणून उरलेलं वर्ष सोसता आलं. शिमग्याचंही तेच. गावात ज्याच्या नावाने बोंब मारायची त्याच्या नावाने मारा, पाटलालाही सोडू नका, पण धुळवड संपली की पाटील पाटील आणि बलुतेदार बलुतेदार. मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने आग्नेय आफ्रिकेतल्या अशाच विधींवर 1954 मध्ये लिहिताना म्हटलं की ही ठरवून दिलेली बंडं व्यवस्थेला धक्का देत नाहीत, तिला बळकट करतात. वाफ जायला जागा ठेवली की झाकण उडत नाही. हे जर खरं असेल तर कचेरीतला विनोद म्हणजे साहेबाला फुकटात मिळालेली सोय. लोक चहाच्या टपरीवर दहा मिनिटं त्याची नक्कल करतात, हसतात आणि परत येऊन त्याच्याच टार्गेटसाठी राबतात. नोटाबंदीच्या काळातले आमचे विनोद तरी काय वेगळे होते? आम्ही हसलो आणि पन्नास दिवस निभावले. आमच्या शाखेने काम थांबवलं नाही. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अहवालात आलं की रद्द केलेल्या नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या. एवढी सगळी रक्कम हसत-हसत मोजून घेणारे हात आमचेच.

आक्षेप अर्धा खरा आहे. विनोदाला निव्वळ वाफ मानणारे मात्र एक गोष्ट विसरतात: झाकणाखाली काय शिजतंय हे विनोदामुळेच आतल्यांना एकमेकांत कळतं. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला, कोतवालाला, शिलेदाराला तोंडावर सुनावत आला, शतकभर तरी. राजाला काही झालं नाही हे खरं. पण ज्या लोकांनी ते सुनावणं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं त्यांच्यातूनच पुढे मुंबईच्या गिरण्यांत काम केलेले अण्णा भाऊ साठे आले. 1944 मध्ये त्यांनी, अमर शेखांनी आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि गण-गवळणीला फाटा देऊन त्याच वगातून भाडं, महागाई, सावकार, मालक हे विषय चाळीचाळींतून मांडले. सोंगाड्याची जीभ तीच, फक्त ती आता मागणीला जोडली गेली. लोक हसत होते तेवढंच, पण हसून घरी गेल्यावर सभेला येत होते. त्या वेळच्या मुंबई सरकारने कलापथकावर बंदी आणली, यात मला तरी विनोदाच्या ताकदीची मोठी पावती दिसते. वाफच जायची असती तर सरकारने उलट अनुदान दिलं असतं.

तेव्हा एकाच विनोदाला दोन वाटा फुटतात. हसून गप्प बसण्याची एक आणि हसून बोलू लागण्याची दुसरी. कोणती वाट धरायची हे विनोदात नसतं, तो कोण करतं आणि कोणावर करतं यात असतं.

साहेबही विनोद करतो. खरं तर कचेरीत सगळ्यांत जास्त विनोद साहेबच करतो, फक्त त्याला तो ताण घालवण्याचा मार्ग वाटत नाही, हक्क वाटतो. रोझ लॉब कोझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बैठका बसून ऐकल्या आणि 1960 मध्ये त्यावर लिहिलं. वरिष्ठ डॉक्टर कनिष्ठांवर विनोद करत. कनिष्ठ मात्र रुग्णांवर, त्यांच्या नातेवाइकांवर नाहीतर स्वतःवर करत. वरिष्ठ समोर बसलेला असताना त्याच्यावर कोणी विनोद केला नाही. नोंदलेल्या 103 विनोदांपैकी 99 पुरुषांचे, आणि हसताना मात्र बायका पुढे. आपल्या कुठल्याही आढावा बैठकीत हे आजही पाहायला मिळेल. साहेबाचा जोक फुसका असला तरी टेबलाभोवती हशा पिकतो, आणि तो किती वेळ टिकवायचा याचाही अंदाज अनुभवी माणसाला असतो. हे हसणं म्हणजे कामाच्या यादीत न लिहिलेलं एक काम. त्याने ताण उतरत नाही, चढतो.

2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची एक चित्रफीत बाहेर आली. कर्मचाऱ्यांशी बोलताना त्यांनी आठवड्याला नव्वद तास काम करावं, रविवारीही करावं असं सुचवलं आणि विचारलं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार? बहुधा तो त्यांच्या परीने विनोदच होता. समोर बसलेले कर्मचारी त्यावर हसले असतील तर त्यांचा दोष नाही. त्यांच्यापाशी दुसरं काय होतं? पण चित्रफीत भिंतीबाहेर पडल्यावर दोन दिवसांत देशभरातल्या नोकरदारांनी तोच विनोद उलटा फिरवला. बायका नवऱ्यांकडे टक लावून बघतानाचे फोटो टाकू लागल्या, नवरे घड्याळ लावून बघण्याचे तास मोजू लागले. वरून खाली आलेला विनोद आणि खालून वर गेलेला विनोद यांतला फरक इतक्या थोड्या वेळात, इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतो. पहिल्याने लोकांना त्यांच्या रविवारची लाज वाटायला लावली. दुसऱ्याने ती लाज पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत केली.

खालच्यावर केलेल्या विनोदाला 'गंमत केली' ही ढाल कायम हाताशी असते. नव्याने लागलेल्या मुलीच्या कपड्यांवर शेरा मारायचा, ती अवघडली की "अगं, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतेस" म्हणायचं. आता ती दुहेरी अडकते. हसली तर संमती, न हसली तर खडूस. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने लैंगिक सूचकता असलेले शेरे छळाच्या व्याख्येत घातले हे बरं झालं, पण ज्या टेबलावर चार पुरुष हसतायत तिथे उठून समितीकडे जायला किती बळ लागतं हे कायद्याला मोजता येत नाही. जातीचंही असंच. आडनाव विचारून झाल्यावर आरक्षणाच्या कोट्यावर केलेला जोक कोणत्याही सरकारी कचेरीत ऐकू येतो, आणि ज्याच्यावर तो होतो त्याने खिलाडूवृत्ती दाखवावी अशी अपेक्षा असते. खिलाडूवृत्तीची मागणी नेहमी एकाच बाजूकडे का होते, हा प्रश्न विचारणाऱ्याला विनोदबुद्धी नाही असं ठरवून टाकलं जातं. अशा विनोदाने करणाऱ्यांचा ताण जातही असेल. पण तो हवेत विरत नाही, दुसऱ्या एका टेबलावर जाऊन बसतो.

या सगळ्या भानगडी टाळून नुसतं हसू मिळालं तर? तसा प्रयोग मुंबईतच झाला. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला सगळे आळीपाळीने विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, राहिले ते पांचट आणि कोणाला तरी बोचणारे. लोक तक्रार करू लागले. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला आणि कारणाशिवाय हसायची पद्धत बसवली. हात वर करून हो-हो, हा-हा. ही पद्धत जगभर गेली, आणि सकाळी बागेत हसणाऱ्या ज्येष्ठांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांना त्यातून सोबत मिळते आणि सोबत मोठी गोष्ट आहे. पण हीच पद्धत कंपन्यांनी उचलली तेव्हा तिच्यातली एक गंमत उघडी पडली. विनोद काढून घेतलेलं हसू कंपनीला फार सोयीचं असतं. त्यात कोणाकडे बोट नसतं. शुक्रवारी चारला सगळ्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये यायचं, बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकासोबत पंधरा मिनिटं हसायचं, फोटो काढायचे, मग जागेवर जाऊन सोमवारपर्यंत द्यायची फाइल रविवारी पुरी करायची. त्या पंधरा मिनिटांत जर कोणी त्या फाइलवर विनोद केला तर मात्र ते उपक्रमाच्या भावनेला धरून नसतं.

म्हणून आपल्या प्रत्येक कचेरीत व्हॉट्सअॅपचे दोन ग्रुप असतात. एकात साहेब असतो, तिथे वाढदिवसाचे केक, सुप्रभात आणि टार्गेटचे तक्ते. दुसऱ्यात साहेब नसतो. खरे विनोद तिथे होतात. पूर्वी हे काम लोकलच्या डब्यातला ग्रुप करायचा, जिन्याखालचा कोपरा करायचा, टपरी करायची. 2020 मध्ये माणसं घरून काम करू लागली तेव्हा टपरी बंद झाली आणि दुसऱ्या ग्रुपवरचा ओघ वाढला. पण टपरीवर एकाचा चेहरा पाहून दुसरा विनोद आवरता घ्यायचा, ग्रुपवर चेहरा नसतो. रॉयच्या कारखान्यात मुलीच्या बापाचं गप्प होणं खोलीभर ऐकू आलं. ग्रुपवर कोणी गप्प झालं तर ते कळतही नाही. दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसतात.

आणि तिथेच एक वळण लक्षपूर्वक पाहायला हवं. सुरुवातीला विनोद असतात परिपत्रकावर, सॉफ्टवेअरवर, झोनल ऑफिसवर. काही महिन्यांनी त्यांचं तोंड वळतं. "मी काय, गाढवच", "आपली लायकीच एवढी", "माझा फोटो आत्तापासूनच फ्रेम करून ठेवा." मानसशास्त्रात रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या शैली मोजायची एक प्रश्नावली केली. त्यात दिसलं की स्वतःला खाली पाडून दुसऱ्यांना हसवण्याची शैली असणाऱ्यांमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळते. शास्त्राने सांगितलं नसतं तरी हे कळण्यासारखं आहे. परिपत्रकावरचा विनोद ताणाला बाहेर ठेवतो, स्वतःवरचा विनोद त्याला घरात घेतो. पहिल्यावर हसावं. दुसऱ्यावर हसू आलं तरी नंतर त्या माणसाला फोन करावा, ग्रुपवर नव्हे.

बँकेच्या हिशेबात सस्पेन्स खातं असतं. ज्या नोंदीचा धनी सापडत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची आणि दिवसाचा हिशेब मिटवायचा. विनोद मला तसा वाटतो. त्या दिवसापुरता तो मिटवतो, आणि ते काही कमी नाही. पण सस्पेन्समधली नोंद जुनी होत गेली की तपासणीला आलेला माणूस पहिली तीच काढतो. शाखेत वर्षानुवर्षं एकच विनोद चालत असेल तर तो जुनी नोंद आहे. शहाण्या साहेबाने दुसऱ्या ग्रुपमध्ये घुसायचा खटाटोप करू नये. तो घुसला की तिसरा ग्रुप निघतो. पण कशावर हसलं जातंय याची कुणकुण त्याला लागतेच, आणि तेवढी तपासायला पुरेशी असते.

आमच्या धंद्यातल्या दोन जुन्या नोंदी सांगतो. पहिली शनिवारची. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी मिळाली, पहिला आणि तिसरा पूर्ण दिवस झाला, आणि "आज कितवा शनिवार?" हा गिऱ्हाइकाचा, बँकवाल्याचा आणि त्याच्या बायकोचाही कायमचा विनोद होऊन बसला. त्यात काय हवंय हे स्वच्छ होतं, कोणाकडे मागायचं हेही. विनोदामुळे मागणी पुढे गेली असं म्हणणं खुळेपणाचं, संघटनांनी ती वर्षानुवर्षं रेटली. पण रेटणाऱ्यांना ती कोणाला समजावून सांगावी लागली नाही. मार्च 2024 मध्ये संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात पाच दिवसांच्या आठवड्यावर सहमती झाली, सरकारच्या मंजुरीच्या अटीवर.

दुसरी नोंद विम्याची. खातं उघडायला, कर्ज मागायला, नुसतं पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी मारायची, आणि मग आपल्याच सासऱ्याला, मावसभावाला, दूधवाल्याला मारायची. लॉगिन डेला, म्हणजे विम्याचे अर्ज गोळा करायच्या ठरवलेल्या दिवशी, शाखेत जे विनोद होतात ते इथे छापण्यासारखे नाहीत. गिऱ्हाइकांच्या गळी विमा उतरवण्याबद्दल नोव्हेंबर 2024 मध्ये अर्थमंत्र्यांनीच बँकांना जाहीर सुनावलं, तेव्हा दुसऱ्या ग्रुपवर सगळ्यांना आधी हसू आलं, मग राग. हे आम्ही किती वर्षं बोलत होतो. पण बोलत होतो ते फक्त तिथेच. शनिवार मागितला म्हणून एकट्या माणसाला कोणी बदलीवर पाठवत नाही. विमा विकणार नाही असं आढावा बैठकीत उठून सांगणाऱ्याला पाठवतात, आणि मे महिन्यात, मुलांच्या शाळेचे प्रवेश झाल्यानंतर.